निघणाऱ्याच्या हाती

ताई नेमकं काय काम करतात, हे त्यांच्या इमारतीत आजवर कुणालाही धड सांगता आलेलं नाही. वरच्या मजल्यावरच्या आजी म्हणतात, विमानात फोन बसवतात. समोरचा शिंपी म्हणतो, विमानतळावर मोठ्या हुद्द्यावर आहेत. आणि तेवढ्या भरवशावर त्यानं एकदा आपल्या मेव्हण्याची हरवलेली बॅग शोधून द्या म्हणून त्यांना गळ घातली होती. ताईंनी चार ठिकाणी फोन करून ती बॅग खरोखरच शोधून दिली. झालं! तेव्हापासून शिंप्याची खात्रीच पटली, आणि आता त्यावर काही इलाज नाही.

खुद्द नवऱ्याला विचारावं, तर तो दातांचा डॉक्टर. तळमजल्यावर त्याचा दवाखाना. "आमची ही विमानांना एकमेकांशी बोलायला शिकवते," असं तो पेशंटच्या तोंडात आरसा घालून मोठ्या कौतुकानं सांगतो. पेशंटच्या मनात शंभर प्रश्न येत असतील, पण आ वासलेल्या माणसाला कुठलं बोलता येतंय? त्यामुळे डॉक्टरांच्या गप्पा वर्षानुवर्षं एकतर्फी चालल्या आहेत, आणि आपलं म्हणणं सगळ्यांना पटतं असा त्यांचा प्रामाणिक समज आहे.

तर ते काम असं. विमान जमिनीवरून जातं तेव्हा खाली ठिकठिकाणी टॉवर असतात, त्यांच्याशी त्याचं बोलणं चालू राहतं. पण समुद्रात टॉवर कोण उभारणार, मासे? किनारा मागे पडला की बोलणं तुटक होतं. आकाशात उपग्रह आहेत, नाही असं नाही. पण ती सोय सगळ्याच विमानांत नसते आणि असते तिथेही गर्दी असते. ताईंचं म्हणणं साधं होतं. समुद्रावर टॉवर नसतील, पण विमानं तर आहेत ना! एकामागे एक रांगेनं जातात. एकानं दुसऱ्याला सांगावं, दुसऱ्यानं तिसऱ्याला, आणि किनाऱ्याजवळ जे असेल त्यानं जमिनीला. आग लागली की माणसं रांग लावून पाण्याच्या बादल्या हातोहात पोचवतात, तसं.

ऐकायला सोपं वाटतं. पण बादल्यांच्या रांगेत माणसं एका जागी उभी असतात, इथे रांगच पळत असते. कोण कुणाच्या हाकेच्या टप्प्यात कधी येईल आणि कधी निघून जाईल, याचा नेम नाही. प्रत्येक विमानातल्या पेटीला स्वतःच ठरवावं लागतं की आता निरोप कुणाच्या हातात द्यायचा. ते ठरवण्याचा नियम करणं, हे ताईंचं काम. एवढंच. आणि एवढ्यात आठ वर्षं गेली.

ताईंचं ऑफिस गाद्यांच्या दुकानाच्या वर आहे. खाली काचेआड रुंद रुंद पलंग मांडलेले. शेजारच्या दारानं जिना चढून वर आलं की आधी केबलची भेंडोळी पायात येतात, मग मोडक्या कानाची किटली दिसते, आणि मग भिंतभर स्क्रीन. त्यावर समुद्राचा नकाशा आणि सरकणारे ठिपके. दुपारच्या जेवणानंतर खालच्या गाद्यांची आठवण सगळ्यांनाच छळते, पण समोर मोठ्या बाई बसलेल्या असतात. मोठ्या बाई म्हणजे या बिऱ्हाडाच्या प्रमुख. बोलतात कमी, आणि बोलल्या की वाक्य पुरं व्हायच्या आत समोरचा कामाला लागलेला असतो.

दुसरा मोहरा म्हणजे भोंगा. हे अर्थात ऑफिसानं ठेवलेलं नाव. त्याचा आवाजच असा की तो फोनवर बोलायला लागला की वाटावं, फोन कशाला हवा याला? अँटेनांचं सगळं काम त्याच्याकडे. विमानाच्या पाठीवर आणि पोटाखाली बसवायच्या त्या पात्यांवर त्याचा भारी जीव. 'माझे कान' म्हणतो तो त्यांना. त्याला स्वतःला काय वाटेल ते बोला, हसून सोडून देईल. त्याच्या कानांना नाव ठेवलेलं मात्र त्याला खपत नाही. आणि ताईंनी नेमकं तेच केलं.

झालं असं, की ताईंनी केलेला नियम ऑफिसात 'जुनं ते सोनं' म्हणून ओळखला जायचा. ज्या विमानाशी तुमची सगळ्यांत जुनी, न तुटलेली ओळख आहे, त्याच्या हातात निरोप द्या. का, तर नवी ओळख करायची म्हटली की आधी हाक, मग ओ, मग तू कोण, मी कोण. त्यात वेळ जातो आणि निरोप ताटकळतात. त्यापेक्षा ज्यानं इतका वेळ साथ दिली, तो पुढेही देईल. माणसांचा अनुभव तरी वेगळा कुठे आहे? हा नियम सुचला त्या दिवशी ताई इतक्या खुशीत होत्या की घरी येऊन त्यांनी तो डॉक्टरांना साग्रसंगीत समजावून सांगितला. डॉक्टरांनी चकार शब्द न काढता ऐकून घेतला, कारण या वेळी त्यांच्या तोंडात घास होता.

मग कॉम्प्युटरवर रंगीत तालीम झाली. शेकडो खोटी विमानं खोट्या समुद्रावर सोडली. साखळी एकदाही तुटली नाही. मोठ्या बाईंनी केक मागवला, ही ऑफिसच्या इतिहासातली मोठी घटना. काही विमान कंपन्यांनी आपल्या विमानांत पेट्या बसवू दिल्या, खऱ्या समुद्रावर खरी विमानं उडाली, आणि इथे घोडं पेंड खायला लागलं.

भर समुद्रात सगळं सुरळीत चालायचं. पण रांगेतलं पुढचं विमान किनाऱ्यापाशी आलं की साखळी तुटायची. दर वेळी तिथेच. त्या पुढच्या विमानापाशी निरोपांचा ढीग साचायचा, मग सगळं गप्प. जरा वेळानं जाळं आपलं आपण जुळायचं, जसं काही झालंच नाही! पण मधल्या वेळात समुद्रावरच्या सगळ्या विमानांना विचारणारं कुणी नाही.

ताईंनी तर्क लावला. किनाऱ्याजवळ विमान वळतं, वळताना पंख कलतो, कललेल्या पंखाआड अँटेना जाते. म्हणजे दोष अँटेनाचा. एवढं सांगून त्या थांबल्या असत्या तरी चाललं असतं. पण भर बैठकीत जीभ घसरली.

"तुझे कान बहिरे झालेत रे," त्या म्हणाल्या.

भोंग्याच्या नाकाला अशा मिरच्या झोंबल्या! "नाचता येईना अंगण वाकडं!" तो गरजला. खाली गादी दाबून बघणाऱ्या जोडप्यानं दचकून छताकडे पाहिलं म्हणतात. "नियम तुमचा, तुटतंय तुमचं, आणि बहिरे माझे कान?"

त्या दिवसापासून दोघांचं बोलणं बंद. एकाच टेबलाच्या दोन टोकांना बसायचे आणि मोठ्या बाईंकडे तोंड करून बोलायचे. "मोठ्या बाई, त्याला सांगा, किटली रिकामी झालीये." "मोठ्या बाई, त्यांना सांगा, सकाळी मीच भरली होती." आणि ही मंडळी कामं काय करतात, तर विमानांनी एकमेकांशी बोलावं म्हणून जाळी विणतात! मोठ्या बाईंनी दोन दिवस निरोपांची ने-आण केली. तिसऱ्या दिवशी म्हणाल्या, "मी टॉवर नाही," आणि कानात कापूस घालून बसल्या.

अशात विमान कंपन्यांनी तारीख कळवली. पंधरवड्यानं एक अख्खी दुपार त्यांची माणसं ऑफिसात बसून स्क्रीन बघणार. साखळी टिकली, तर सगळ्या विमानांवर पेट्या बसणार. तुटली, तर आहेत त्याही काढून घेणार, आणि गाद्यांच्या दुकानावरचा मजला रिकामा.

ताईंना जेवण गोड लागेना. नोकरीचं त्यांना एवढं नव्हतं. दुसरी मिळाली असती. खरं कारण घरात होतं. छकुली.

छकुली म्हणजे ताईंची एकुलती एक लेक. हे नाव पडलं तेव्हा ती वीतभर होती. आता आईपेक्षा डोकंभर उंच, खांद्यावर सोनेरी पट्ट्या, आणि प्रवासी विमानात को-पायलट. आईच्या स्क्रीनवरचे ठिपके बघतच ती मोठी झाली, आणि एक दिवस म्हणाली, मला ठिपक्यात बसायचंय. आईनंच हौसेनं शिकवलं. पण ती पहिल्यांदा समुद्र ओलांडायला निघाली, त्या दिवशी ताईंचं धाबं दणाणलं. बाकीच्या आया फोनवरच्या नकाशात लेकीचं विमान सरकताना बघतात आणि निवांत कामाला लागतात. ताईंना ते सुख नव्हतं. भर समुद्रात तो ठिपका खरा नसतो, शेवटची खबर धरून कॉम्प्युटर त्याला नुसता अंदाजानं पुढे ढकलत असतो, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. जास्त शिकल्याचे तोटे, दुसरं काय! तोवर जाळं हे काम होतं. त्या दिवसापासून ते घरचं झालं. पोरगी समुद्राच्या मध्यावर असली तरी तिचा ठिपका खरा दिसला पाहिजे, बस्स, एवढंच त्यांचं मागणं.

आणि आता छकुलीची बदली समुद्रापलीकडच्या किनाऱ्यावर झाली होती. तिनं तिकडे खोलीसुद्धा घेतली होती. म्हणजे आता येताना समुद्र, जाताना समुद्र.

ती तिकडे राहायला निघाली तो दिवस सुट्टीचा होता. सकाळभर ती घरातच होती. आरामात न्याहारी केली, बापाशी पत्ते खेळली, त्याला दोनदा हरवलं, मग सोफ्यावर लोळत पडली. कुणी तिला काही म्हणालं नाही. खाली टॅक्सी येऊन उभी राहिली, तिनं बूट घातले, बॅगा उचलल्या, दार उघडलं, आणि मग मात्र सगळ्या घराला जाग आली.

"अगं, थांब! ही चादर राहिली की," ताई आतून धावत आल्या. "आणि ही कढई ने, हा झाराही. तिकडच्या पातळ असतात, सगळं लागतं बुडाला. आणि पोचलीस की आधी पडदे लाव. आणि नळ नीट बंद होतात का ते बघ. आणि मावशीला फोन करून सांग की माझा तिच्यावर राग नाही."

"तूच कर ना फोन, आई."

"मी कशी करू? माझा राग आहे."

तेवढ्यात डॉक्टर दवाखान्यातून एक डबी घेऊन वर आले. "जाता जाता ही कवळी लॅबमध्ये टाक. तुझ्या वाटेतच आहे."

"बाबा, वाटेत नाहीये."

"थोडं वळून गेलं की वाटेत."

वरच्या आजी स्वेटर घेऊन जिना उतरल्या. त्यांचा नातू तिकडेच कुठेसा राहतो. कुठे ते आजींना नीट ठाऊक नव्हतं, पण विचारलं की सापडेल म्हणाल्या. शिंपीही रस्ता ओलांडून मेव्हण्यासाठी दोन शर्ट घेऊन आला. छकुलीच्या दोन्ही हातांत बॅगा, काखेत चादर, गळ्यात कढईची पिशवी, हनुवटीखाली स्वेटर. कवळीची डबी दातांतच धरायची काय ती बाकी होती. खाली टॅक्सीवाला हॉर्नवर हात ठेवून बसलेला.

"थांबा सगळे!" ती ओरडली. "सकाळपासून मी इथे लोळतेय. तेव्हा कुणाला कढई आठवली नाही? तेव्हा कुणी कवळी दिली नाही? पाय बाहेर पडला, की सगळं माझ्याच हातात! हे शिंपीकाका आठवड्यानं तिकडेच जाणारेत, बाबांची लॅबवाली पोरं रोज येतात, त्यांच्या हातात द्या ना. जी निघाली तिच्याच हातात कशाला कोंबता सगळं?"

"अगं, पण तू घरची, भरवशाची..." ताई म्हणाल्या, आणि झारा हातात धरून तिथेच थिजल्या.

"आई? काय झालं?"

"जी निघाली तिच्याच हातात," ताई पुटपुटल्या. "अगं बाई! निघणाऱ्याच्याच हातात देतोय आपण सगळं!"

"मी मगापासून तेच तर सांगतेय!"

"तू नाही गं, विमानं!"

आणि मग ताईंनी जो सपाटा लावला! चादर काढून डॉक्टरांच्या खांद्यावर टाकली, कवळी त्यांच्याच हातात परत कोंबली, स्वेटर आजींना, शर्ट शिंप्याला, आणि लेकीच्या आधी स्वतःच खाली जाऊन टॅक्सीत बसल्या. "आधी मला ऑफिसवर सोड, मग तू जा." लेक परमुलखात राहायला निघालेली, आणि आईनं तिला निरोप दिला तो गाद्यांच्या दुकानासमोर, टॅक्सीच्या काचेतून, गालावर एक घाईचा पापा घेऊन. डॉक्टर चादर पांघरून दारात उभे राहिले ते बराच वेळ.

सुट्टी असूनही ऑफिस उघडं होतं. भोंगा आला होता. आपले कान धडधाकट आहेत हे सिद्ध केल्याशिवाय त्याला अन्न गोड लागत नव्हतं; टेबलावर अँटेना मांडून तो त्यांच्याशी हळूहळू बोलत होता. ताई आल्या, त्यानं पाठ फिरवली. ताईंनी स्क्रीन लावली आणि आपली जुनी रंगीत तालीम उघडली. डाव्या किनाऱ्यावरून ठिपके समुद्रात शिरत होते, ओलांडत होते, उजव्या किनाऱ्याला टेकले की नकाशा संपत होता आणि ठिपका पुसला जात होता. फट्‌कन. आता होता, आता नाही.

त्यांनी पुन्हा बघितलं. मग डोक्याला हात लावून खुर्चीत बसल्या. नकाशा त्यांनी स्वतः कापला होता, अगदी किनाऱ्याच्या रेषेवर. आपलं काम समुद्राचं, जमिनीशी काय देणंघेणं, म्हणून. आठ वर्षं ताईंच्या कॉम्प्युटरात एकही विमान उतरलं नव्हतं! तिथलं विमान एका क्षणात नाहीसं व्हायचं, आणि मागची मंडळी लगेच दुसऱ्याचा हात धरायची. खरं विमान असं नाहीसं होत नाही. ते सावकाश खाली येत जातं, मागच्यांना कमी कमी ऐकू येत जातं, तरी पुरतं तुटत नाही. आणि 'जुनं ते सोनं' नियमानं सगळे त्यालाच धरून बसतात, कारण सगळ्यांत जुनी ओळख त्याचीच. सगळ्यांत जुनं, म्हणजे सगळ्यांत आधी निघालेलं. सगळ्यांत आधी निघालेलं, म्हणजे सगळ्यांत आधी उतरणारं. सगळी रांग आपले निरोप नेमकी अशाच्या हातात देत होती, जो आता दारात बूट घालून उभा आहे.

आज मध्ये मोठ्या बाई नव्हत्या. ताई उठून टेबलाच्या दुसऱ्या टोकाला गेल्या.

"ऐक. तुझे कान ठणठणीत आहेत. चूक माझी आहे."

"काय म्हणालात?" भोंग्यानं कानामागे हात धरला. "जरा मोठ्यानं बोला. बहिऱ्याला ऐकू येत नाही."

"चूक माझी आहे!"

"अजून एकदा. दोन्ही कानांनी ऐकू द्या."

"भोंग्या, मार खाशील."

तो खो खो हसला, आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा त्यानं ताईंसाठी किटली लावली. ताईंनी त्याला नकाशा दाखवला. तो बघत राहिला आणि म्हणाला, "चोर सोडून संन्याशाला फाशी देत होतात की हो तुम्ही!" मग दोघं कामाला लागले.

दुसऱ्या दिवशी मोठ्या बाईंनी सगळं ऐकून घेतलं. "परीक्षा तोंडावर आली आणि तुम्ही नियम बदलणार?"

"जुना नियम नक्की तुटतो," ताई म्हणाल्या. "नवा कदाचित टिकेल."

"मग इथे उभ्या काय राहिलात?" मोठ्या बाई म्हणाल्या आणि कानांतला कापूस काढून टाकला.

नवा नियम असा की ओळख किती जुनी, हे कुणी विचारायचंच नाही. अजून किती वेळ सोबत आहात, ते विचारायचं. उतरायला कधी लागायचं हे प्रत्येक विमानाला आधीपासून ठाऊक असतं. त्यानं ते शेजाऱ्यांना वेळेवर सांगायचं. शेजाऱ्यांनी एक हात त्याच्या हातात असतानाच दुसऱ्या हातानं नवी ओळख करून घ्यायची, आणि ते खाली झुकायच्या आत त्याला मोकळं करायचं. हे दोन हातांचं काम भोंग्याच्या कानांनी साधलं, हे ताई सगळ्यांना आवर्जून सांगत. तालमीत आता विमानं किनाऱ्यावर उतरायला लागली. कधी साखळी टिकायची, कधी तुटायची. परीक्षेच्या आदल्या दिवशी ती दिवसभर टिकली, पण तालमीचा भरवसा काय धरायचा, हे ताई आता शिकल्या होत्या.

परीक्षेच्या दुपारी कंपन्यांची माणसं आली. त्यांच्यात पुढारी म्हणून एक टापटीप गृहस्थ होते. खुर्चीवर बसण्याआधी त्यांनी रुमालानं ती झटकली. स्क्रीनवर ठिपके होते आणि ठिपक्यांना जोडणाऱ्या हिरव्या रेघा, या किनाऱ्यापासून पार त्या किनाऱ्यापर्यंत. सगळ्यांत मागच्या विमानातून ठरावीक वेळानं एक निरोप निघायचा आणि हातोहात पलीकडच्या टॉवरला पोचायचा. पोचला की टिंग वाजायचं. ज्या क्षणी टिंग चुकेल, त्या क्षणी सगळं संपलं.

आणि रांगेतलं सगळ्यांत पुढचं विमान छकुलीचं होतं. योगायोग म्हणा, तिची त्या दिवशी ड्यूटीच तशी लागली. ताईंना हे सकाळपासून ठाऊक होतं, भोंग्यालाही. भर समुद्रात लेकीचा ठिपका सरकत होता, आणि तो अंदाजाचा नव्हता, खरा होता. सगळ्या रेघा तिच्यापाशी येऊन मिळत होत्या. ताईंना वाटलं, हेच तर हवं होतं आपल्याला. आता हे असंच राहावं.

तेवढ्यात त्या ठिपक्यानं शेजाऱ्यांना कळवलं की मी आता उतरायच्या बेतात आहे.

मागच्या विमानानं किनाऱ्याच्या टप्प्यात आलेल्या एका मालवाहू विमानाकडे रेघ टाकली. दुसऱ्यानंही टाकली. मग छकुलीकडे जाणारी एक रेघ विझली. दुसरी विझली. त्यांच्याच नियमानं, त्यांनीच घालून दिलेल्या वेळी, एकेक करून सगळ्यांनी त्यांच्या लेकीचा हात सोडला. किनाऱ्याजवळ तो ठिपका उरला एकटा, बिनरेघेचा. ताईंचे हात आपोआप टेबलाकडे गेले. एक बटण दाबलं असतं तर रेघ पुन्हा जोडली गेली असती. त्यांनी हात मागे घेतले आणि पाठीशी घट्ट बांधून ठेवले.

टिंग.

निरोप पोचला होता. मालवाहू विमानाकडून. पुन्हा टिंग. पुन्हा. मागे कुठेही काही अडलं नाही, साचलं नाही. भोंग्यानं आरोळी ठोकली आणि मोठ्या बाईंनी चक्क टाळी वाजवली.

टापटीप गृहस्थ मात्र पुढे झुकून त्या एकट्या ठिपक्याकडे बघत होते. "हे विमान एकटं पडलं. हे तुटलं ना?"

"नाही," ताई म्हणाल्या. "ते पोचत आलंय. जमिनीशी थेट बोलतंय. आता त्याला मधल्या कुणाची गरज नाही."

"म्हणजे त्याला मुद्दाम सोडलं?"

"हो. वेळेवर सोडलं. धरून ठेवलं असतं तर त्यालाही जड झालं असतं आणि मागचे सगळे अडकले असते."

गृहस्थांनी मान डोलावली. "नियम चांगला आहे. कुणाचा?"

"माझ्या लेकीचा," ताई म्हणाल्या. "तीच आहे त्या ठिपक्यात." आणि हसता हसता त्यांना असं रडू फुटलं की गृहस्थांनी आपला तो खुर्ची झटकलेला रुमाल मुकाट्यानं पुढे केला.